तीन आण्यांत दोन मैल!

आमगाव कुठे आहे ठाऊक आहे का? मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदिया सोडून गाडी छत्तीसगडकडे निघाली की थोड्याच वेळात आमगावचं स्टेशन येतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. तालुक्याचं गाव. त्याच्याजवळ पदमपूर नावाचं एक लहानसं गाव आहे आणि आपली आजची गोष्ट तिथून सुरू होते. गोष्ट आहे मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंची आणि जाहिरातींची. आता तुम्ही म्हणाल, पदमपूरचा आणि व्हिडिओचा काय संबंध? सांगतो.

साधारण तेराशे वर्षांपूर्वी भवभूती नावाचा एक मोठा संस्कृत नाटककार होऊन गेला. ‘उत्तररामचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘महावीरचरित’ ही त्याची तीन नाटकं. आपण विदर्भातल्या पद्मपूरचे, असं तो स्वतःच नाटकात सांगतो. हे पद्मपूर म्हणजेच आमगावजवळचं पदमपूर, असं संशोधक वा. वि. मिराशी यांचं मत होतं. आमगावच्या कॉलेजला भवभूतीचं नाव आहे ते यामुळेच.

तर गंमत अशी, की त्या काळात नाटक सुरू होण्याआधी सूत्रधार रंगमंचावर यायचा. आज कोणतं नाटक आहे, ते कोणी लिहिलंय, लेखक केवढा विद्वान, समोर बसलेले प्रेक्षक केवढे रसिक, असं सगळं तो गोड शब्दांत सांगायचा. प्रेक्षकांची उत्सुकता वाढवणाऱ्या या बोलण्याला शास्त्रात नावसुद्धा आहे, प्ररोचना. म्हणजे सरळ जाहिरातच की! भवभूतीची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत व्हायची. यात्रेतली गर्दी ती, आधी तिचं लक्ष वेधून घ्यायला नको?

त्याच्या काळच्या काही लोकांनी त्याच्या नाटकांना नाकं मुरडली असावीत. कारण ‘मालतीमाधव’च्या सुरुवातीलाच त्यानं त्यांना उत्तर देऊन टाकलंय. आज नाही तर उद्या, इथे नाही तर आणखी कुठे, माझं नाटक समजून घेणारा कोणीतरी निघेलच, अशा अर्थाचं. त्याचा हा भरवसा खरा ठरला. फक्त त्याचं नाटक नकलून घेत, पाठ करत, एकाकडून दुसऱ्याकडे जायला शतकं लागली. आज तोच प्रवास व्हायला एक रात्र पुरते.

आमगावच्या बाजूला प्ररोचना अजून बंद पडलेली नाही, बरं का! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की इथल्या गावांत मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दंडार होते आणि रात्रभर नाटक चालतं. हा हंगाम पार होळीपर्यंत असतो. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र आहे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटकाच्या दिवशी भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते. भोंग्यातला आवाज असा काही चढतो आणि असा काही रडवेला होतो, की घरातली आजीसुद्धा हातातलं काम टाकून दारात येते. नाटकाचं नाव ऐकूनच अर्धी गोष्ट कळते आणि उरलेली अर्धी कळावी म्हणून तिकीट काढावंसं वाटतं. जाहिरातीचं शिक्षण देणाऱ्या महागड्या कॉलेजांनी हे भोंगे एकदा ऐकावेत, असं आपलं माझं मत आहे.

पण भोंग्याची गाडी जिथवर जाईल तिथवरच आवाज जाणार. गाडी नसतानाही आवाज पुढे जावा, यासाठी काय हवं? ऐकणाऱ्यानं तो पुढे न्यायला हवा. ‘व्हायरल’ म्हणजे नेमकं हेच. विषाणू जसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तशी एखादी चित्रफीत माणसांवर स्वार होऊन फिरते.

जरा गणित करून बघू या. तुम्ही एक व्हिडिओ तीन मित्रांना पाठवलात. त्या प्रत्येकानं आणखी नव्या तिघांना पाठवला. पहिल्या फेरीत ३, दुसरीत ९, तिसरीत २७. दहाव्या फेरीत ५९,०४९! आणि तेराव्या फेरीत १५,९४,३२३. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे तेरा फेऱ्यांत जिल्हा पुरा होऊन वर उरला. आता यात एकच बदल करा. तिघांपैकी एकानंच व्हिडिओ पुढे पाठवला, बाकीच्या दोघांनी नुसता पाहून ठेवून दिला. मग प्रत्येक फेरीत नवे तीनच जण. तेरा फेऱ्यांनंतर सगळे मिळून ३९! व्हिडिओ तोच, माणसंही तशीच. फरक फक्त ‘अरे, हे बघ’ असं म्हणावंसं वाटलं की नाही, एवढाच.

असं म्हणावंसं वाटायला लावणारा एक जादूगार महाराष्ट्रात इंटरनेटच्या कितीतरी आधी होऊन गेला. दादासाहेब फाळके! त्र्यंबकेश्वरला १८७० साली त्यांचा जन्म झाला. चित्रपट काढायचं डोक्यात घेऊन १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला पैसा कोण देणार? हिंदुस्थानात असं काही बनू शकतं, यावरच लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर रोज त्या रोपाचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. नंतर ती पट्टी सलग दाखवली, तर मिनिटभरात माती फोडून अंकुर वर आला, पानं फुटली आणि वेल सरसर चढला! ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही चित्रफीत ओळखली जाते. ती पाहून पैसे लावणारा भेटला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवायला दिले. एवढंच नव्हे, तर फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं आणि ती धुण्याचं कामही त्या शिकल्या.

मिनिटभराची, संवाद नसलेली, बघताच दुसऱ्याला सांगावीशी वाटणारी चित्रफीत. आज याला आपण काय म्हणतो?

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मुंबईत तो चालला. पण बाहेरगावी एक अडचण आली. लोकांना नाटकाची सवय, आणि नाटक म्हणजे पाच-सहा तास. तेवढ्याच पैशात तासाभराचा खेळ कोण बघणार? सुरतेला पहिल्या दिवशी सगळे मिळून तीन रुपये गल्ला जमला, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. तिथल्या भागीदारानं सुचवलं, एक तर तिकीट कमी करा, नाही तर खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, तेही फक्त तीन आण्यांत! (रुपयाचे आणे सोळा, हे घरी आजोबांना विचारा.) दुसऱ्या दिवशी गल्ला तीनशे रुपयांवर गेला म्हणतात.

बघा हं, त्यांनी गोष्टीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. हरिश्चंद्राची गोष्ट सगळ्यांना पाठच होती. त्यांनी सांगितलं ते असं काहीतरी, जे बाजारात उभ्या माणसानं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. ‘अरे, दोन मैल लांब चित्र आलंय गावात!’ झालं, गावभर.

आता तुमची वही काढा. कारण ही जाहिरात तपासता येते! सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चित्रं मावतात. ५७,००० ला १६ नं भागा. उत्तर येतं ३,५६२ फूट. मैलात फूट किती? ५,२८०. म्हणजे चित्र दोन मैल सोडा, पाऊण मैलसुद्धा नव्हतं! हा चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा होता, अशी नोंद आहे. तेव्हा सत्तावन्न हजाराचा आकडा बरोबर जुळतो. मैलांचा मात्र जवळजवळ तिप्पट फुगवलेला. भारतीय चित्रपटाच्या जनकानंही जाहिरातीत थोडी हवा भरली होती तर! मला फाळक्यांबद्दल अतिशय आदर आहे आणि तो या गणितानं कमी होत नाही. पण पडद्यावर कोटीचे आकडे नाचायला लागले की मला हे दोन मैल आठवतात.

पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी चित्रफीत केली. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार घेतात असा तो खेळ. एक काडी जराशी सरकवायची, चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा टिपायचं.

आगकाड्यांवरून आणखी एका माणसाची आठवण होते. अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनियर झाले आणि पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. ट्रक बनवण्याच्या कारखान्यात. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले, तिथं खेड्यातल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं काम चाललं होतं. आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे बारके तुकडे केले, त्यांत आगकाड्या खोचल्या, की त्रिकोण, चौकोन, घर, गोल घुमट, काय वाटेल ते तयार! पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्यात होते, जयंत नारळीकरांनी उभारलेल्या ‘आयुका’ संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात. तिथं त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि प्रत्येक खेळण्याची छोटीशी चित्रफीत काढून इंटरनेटवर ठेवली. मराठीतही ठेवली. सगळं फुकट. जगभरातल्या मुलांनी ती पाहिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रफितींत ना झगमगाट, ना नट-नट्या. बहुतेक वेळा दोन हात दिसतात आणि एक आवाज ऐकू येतो, बस्स. मग त्यांत आहे काय? स्ट्रॉची पिपाणीच घ्या. कागदी स्ट्रॉचं एक टोक दाबून चपटं करा, दोन्ही बाजूंनी कातरून टोकदार करा, ओठांत धरून जोरात फुंका. पहिल्यांदा नुसती हवा जाईल. धीर धरा! एकदा ती चपटी पानं थरथरली की असा काही आवाज निघतो, की वर्गातली झोपाळू मुलंसुद्धा खडबडून जागी होतात. आता खरी मजा. वाजवता वाजवता मोठ्या माणसाला स्ट्रॉचं दुसरं टोक कात्रीनं थोडं थोडं कापत जायला सांगा. आवाज चढत जातो, चढत जातो... आतली हवेची नळी जेवढी आखूड, तेवढा सूर उंच, हे कोणी न सांगता समजतं.

किंवा त्यांची मोटर. टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची पट्टी, एक लोहचुंबक आणि मुलामा दिलेली तांब्याची तार. तारेची गुंडाळी करून तिची दोन टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा मात्र एकाच बाजूनं. का? दोन्ही पूर्ण खरवडले, तर अर्ध्या फेऱ्यात चुंबक गुंडाळीला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्यात मागे ओढतो, बिचारी अडकून बसते. अर्धा मुलामा ठेवला की मागे ओढायच्या वेळी वीजच बंद! मग गुंडाळी गरगर फिरत राहते.

ही चित्रफीत पाहिली की मूल ती दुसऱ्याला पाठवत नाही. आधी उठून तार शोधायला जातं. मला विचाराल तर व्हिडिओची सगळ्यात मोठी पावती हीच.

खेड्यात राहून, साध्या फोनवर, लोकांना आवडेल असं काही करता येतं याची उदाहरणं आपल्याकडे पुष्कळ आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या सत्तरी गाठलेल्या आजी. नातवानं त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढले आणि ‘आपली आजी’ हे नाव २०२० मध्ये लाखो घरांत पोचलं. रोजचीच भाजी-भाकरी, पण आजी ‘बाळांनो’ म्हणून अशा काही बोलतात की परक्यालाही आपलं वाटतं. मध्यंतरी त्यांचं चॅनेल कोणी चोरलंसुद्धा होतं! सुदैवानं परत मिळालं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९७४ साली, विजया मुळे यांनी केलेलं ‘एक अनेक और एकता’ हे कार्टून तुमच्या आईबाबांना विचारा. जाळं घेऊन उडालेल्या चिमण्यांची गोष्ट. दूरदर्शनवर ते वर्षानुवर्षं लागायचं. त्याला संगीत होतं वसंत देसाईंचं आणि आवाज होता तेव्हा लहान असलेल्या साधना सरगम यांचा. नुसतं नाव काढा, बाबा गुणगुणायला लागतील.

हे सगळं जाहिरातवाल्यांच्या नजरेतून कसं सुटेल? त्यांनी हिशेब केला. टीव्हीवर तीस सेकंदांना पैसे मोजायचे, त्यापेक्षा असं काहीतरी काढावं की लोकच ते फुकट वाटतील. अमेरिकेत युटा राज्यात ब्लेंडटेक नावाची कंपनी मिक्सर बनवते. २००६ साली तिथं कोणाच्या तरी लक्षात आलं, की मालक टॉम डिक्सन मिक्सरचा कस पाहायला त्यात लाकडाचे तुकडे टाकून फिरवतात. लगेच कॅमेरा लावला. पांढरा कोट घातलेले डिक्सन, समोर मिक्सर आणि त्यात गोट्या! पहिल्या पाच व्हिडिओंचा खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. पुढच्या वर्षी त्यांनी नवाकोरा आयफोन दळला. लोकांनी तोंडात बोटं घातली आणि कंपनीचे मिक्सर धडाधड खपले. (घरी करून बघायचं नाही! आई मिक्सरपेक्षा जास्त आवाज करेल.)

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या मेट्रो रेल्वेनं २०१२ साली याहून कठीण काम केलं. रूळ ओलांडू नका, फलाटाच्या कडेला उभे राहू नका, ही सूचना कोण ऐकतं? आपल्याकडे आमगावसारख्या स्टेशनांवर रात्रंदिवस गाड्या धडधडत असतात, तरी पुलाचा जिना चढायचा कंटाळा करणारे दिसतातच. मेट्रोनं पाटी लावण्याऐवजी तीन मिनिटांचं गाणं केलं, ‘डम्ब वेज टू डाय’. वाटाण्यासारखी गुबगुबीत कार्टून माणसं एकाहून एक मूर्खपणानं मरतात आणि सगळ्यात शेवटी येतात रेल्वेपाशी बेपर्वाई करणारे तिघे. पुढच्या वर्षी या जाहिरातीनं कान्सच्या जाहिरात महोत्सवात पाच सर्वोच्च पुरस्कार पटकावले. अपघात त्यामुळे किती कमी झाले, यावर मात्र जाणकारांत वाद आहे. गाणं तोंडात बसणं वेगळं आणि पाय थांबणं वेगळं, नाही का?

२०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची लाट आली. एका दुर्धर आजाराच्या संशोधनासाठी तिच्यातून साडेअकरा कोटी डॉलर जमले. हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी म्हणाल्या, आपल्याकडे पाणी कशाला वाया घालवायचं? त्याऐवजी गरजूला एक बादली तांदूळ द्या आणि तसा फोटो टाका. ‘राइस बकेट’ची ती कल्पनाही झपाट्यानं पसरली. धानाच्या मुलखातल्या आपल्या वाचकांना ही कल्पना बर्फापेक्षा जवळची वाटेल.

आता एक वेगळी हकिकत. ती थोडी जड आहे, आईबाबांसोबत वाचलीत तर बरं.

पाकिस्तानातल्या कराची शहरात हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जनजागृतीची एक चित्रफीत काढली होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पळून जातात. क्षणभर थरकाप उडतो. पण लगेच ते परत फिरतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक उघडतात. कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, तेव्हा मुलांवर लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. फार परिणामकारक जाहिरात होती ती.

कोणीतरी तिचा शेवट कापला. फलक गेला, मूल परत ठेवणं गेलं. उरलं ते फक्त मुलाला पळवून नेणं. २०१८ मध्ये हा तुकडा ‘आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असं लिहून भारतभर फिरत होता. असे आणखीही खोटे संदेश त्या महिन्यांत गावोगाव पोचले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं आठवडी बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना मारलं. पाचही जण मरण पावले. ते कोणाचं मूल पळवायला आलेच नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०२० पासून, जो संदेश आधीच खूप हातांतून आलाय, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण दिसते. ती दिसली की समजायचं, हा फार लांबून, अनोळखी हातांतून आलेला आहे. आपण मघाशी केलेलं तिघा-तिघांचं गणित आठवतंय ना? मर्यादा घालणाऱ्यांनी तेच गणित उलट्या बाजूनं केलं. पण मर्यादेनं वेग कमी होतो, कापलेला शेवट काही परत जोडला जात नाही. तो शोधणं पाठवणाऱ्याच्याच हातात आहे. हा व्हिडिओ कुठला? कधीचा? याच्या आधी आणि नंतर काय होतं? कराचीच्या त्या चित्रफितीचा मूळ शेवट इंटरनेटवर शोधणाऱ्यांना सापडत होता.

जाहिरातीच्या बाबतीत प्रश्न आणखी एक, याचे पैसे कोणी दिले? भोंग्याची गाडी आली की ती जाहिरात आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तुमचा आवडता ताई-दादा व्हिडिओत गप्पा मारता मारता एखादं चॉकलेट पावडरचं दूध पितो, तेव्हा? मुंबईत १९८५ पासून जाहिरातींवर नजर ठेवणारी ‘ॲस्की’ ही संस्था आहे. २०२१ मध्ये तिनं नियम केला, की पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर तशी स्पष्ट खूण हवी. ‘ॲड’, ‘स्पॉन्सर्ड’ असे शब्द कोपऱ्यात बारीक दिसतात ना, ते हेच. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही नियम काढले. हे खाल्लं की मूल हुशार होतं, ताकदवान होतं, असं पुराव्याशिवाय म्हणता येत नाही. फसवणूक झाली तर पालकांना १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. क्रमांक लक्षात ठेवायला सोपा, ‘आगकाड्यांची मौज’चंच साल!

आणि हो, ते कोटीचे आकडे. २०१४ साली ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या व्हिडिओनं यूट्यूबच्या मोजणीयंत्रालाच घाम फोडला. त्याला २,१४७,४८३,६४७ पर्यंतच मोजता येत होतं, म्हणजे दोनचा एकतिसावा घात वजा एक. शेवटी यंत्रच बदलावं लागलं. पण एकच माणूस तेच गाणं पन्नास वेळा लावू शकतो. तेव्हा इतके वेळा पाहिलं म्हणजे इतक्या माणसांनी पाहिलं, असं नव्हे. दोन मैलांचं चित्र!

आता करून बघायचं काम. जूनमध्ये पाऊस लागला की आमगावकडे पऱ्हे टाकतात आणि तीन-साडेतीन आठवड्यांत रोवणी सुरू होते. घरी एका डब्यात माती भरून मूठभर धान पेरा. आईबाबांचा जुना फोन दोन विटांच्या मध्ये असा अडकवा की तो हलणार नाही. विटांभोवती खडूनं खूण करून ठेवा, कारण फोन रोज काढावा लागणार, पण जागा तीच हवी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना असे रोज चार फोटो काढा. पंचवीस दिवसांत शंभर फोटो. सेकंदाला दहा या वेगानं जोडले की दहा सेकंदांची चित्रफीत तयार! फाळक्यांसारखी मिनिटभराची हवी असेल, तर सेकंदाला १६ च्या हिशेबानं ९६० फोटो लागतील, म्हणजे रोज ३८. दिवसभर दर वीस मिनिटांनी एक! तेवढ्यासाठी शाळा बुडवायची नाही.

शेतात जाऊन चित्रण करणार असाल, तर गोंदियाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी सारस पक्षी असतो हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात तो फारच थोडा उरलाय. त्याच्या घरट्याजवळ व्हिडिओसाठी जायचं नाही, म्हणजे नाही. आणि चित्रफितीत तुमच्या गणवेशावरचं शाळेचं नाव किंवा घराची पाटी दिसत नाही ना, ते पाठवण्याआधी मोठ्यांना दाखवून घ्या.

डबा खिडकीत ठेवला असेल, तर पऱ्हे उजेडाच्या बाजूला कलताना दिसतील. चार-पाच दिवसांनी डबा फिरवून ठेवला, की ते हळूहळू उलट्या बाजूला वळतील. चित्रफितीत बघाल तर धान चक्क डोलतंय असं वाटेल, एकदा इकडे, एकदा तिकडे.